स्नॅपशॉटने भरलेली डिस्क: गाठ कोणत्या टोकाने सोडवावी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील लहान कार्यालय असो की ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा रबाळ्याचा एखादा कारखाना, तिथल्या सर्व्हरची मांडणी आता बहुधा सारखीच दिसते. एकच यंत्र, त्यावर व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय किंवा मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही (एका यंत्रात अनेक संगणक चालवणारी सॉफ्टवेअर), आणि त्यात तीन-चार व्हर्च्युअल मशिने: एकात टॅली, एकात हजेरीचे सॉफ्टवेअर, एकात सगळ्यांच्या फाइली. कोणीतरी अपडेट टाकण्यापूर्वी खबरदारी म्हणून स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची मागे परतता येईल अशी त्या क्षणाची खूण, घेतो, अपडेट नीट बसते, आणि स्नॅपशॉट तिथेच विसरला जातो. काही महिन्यांनी एका सकाळी टॅली उघडत नाही. ती सकाळ महिन्याच्या २० तारखेची, म्हणजे जीएसटीआर-३बी भरण्याच्या मासिक मुदतीची असेल, तर हिशेबनीसांचा फोन सकाळी नऊच्या आत येतो.

अशा वेळी डिस्क भरली आहे हे कळायला फार काही लागत नाही. ती कोणत्या क्रमाने मोकळी करायची, हे कळणे महत्त्वाचे. योग्य असलेलीच कृती चुकीच्या वेळी केली, तर उरलीसुरली जागाही संपते किंवा माहिती कायमची जाते. म्हणून पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. मुख्य विवेचन ईएसएक्सआयचे आहे. इतर प्रणालींत वेगळे काय, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

स्नॅपशॉट घेतल्यावर डिस्कवर काय घडते

स्नॅपशॉट घेतला की संपूर्ण डिस्कची प्रत बाजूला काढून ठेवली जाते, असा बहुतेक नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रत निघतच नाही. मूळ डिस्कची फाइल त्या क्षणापासून केवळ वाचण्यापुरती उरते आणि त्यानंतरचे सारे लेखन शेजारी तयार झालेल्या नव्या फाइलीत होऊ लागते. जुन्या पेढीचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमजेल: खतावणी मिटून ठेवली आणि आजपासूनच्या नोंदी कच्च्या वहीत सुरू केल्या. एखादे खाते पाहायचे झाले तर आधी कच्ची वही चाळायची, तिथे नोंद नसेल तर खतावणी उघडायची. दुसरा स्नॅपशॉट घेतला की पहिली कच्ची वहीही मिटते आणि दुसरी सुरू होते. वह्या वाढत गेल्या की प्रत्येक वाचनाला वेळ लागतो. ‘सर्व्हर हल्ली मंद चालतो’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथेच सापडते.

या कच्च्या वहीला ईएसएक्सआयमध्ये डेल्टा म्हणतात. डिस्कच्या नावापुढे सहा अंकी क्रमांक लागतो, पहिल्या स्नॅपशॉटनंतर ०००००१, पुढच्यानंतर ०००००२, आणि फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘डेल्टा’ किंवा ‘एसई-स्पार्स’ असा शब्द असतो. व्हीएमएफएस-६ प्रकारच्या डेटास्टोअरवर (मशिनांच्या फाइली ठेवण्याच्या जागेवर) दुसरा प्रकार आढळतो. हायपर-व्हीमध्ये स्नॅपशॉटलाच चेकपॉइंट म्हणतात आणि त्याची फाइल एव्हीएचडीएक्स असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या फोल्डरात ‘स्नॅपशॉट्स’ नावाचे उपफोल्डर असते व त्यात लांबलचक ओळखक्रमांकांच्या फाइली दिसतात.

डेल्टाची वाढ अमर्याद नसते. एकाच ठिकाणी शंभर वेळा लिहिले तरी डेल्टात त्या ठिकाणाची जागा एकदाच जाते, त्यामुळे एक डेल्टा फार तर मूळ डिस्कच्या पूर्ण आकाराएवढा, अधिक थोडी नोंदींची जागा, इतका वाढतो. हा दिलासा वाटत असेल तर तो तात्पुरता आहे, कारण हा हिशेब प्रत्येक स्नॅपशॉटसाठी वेगळा लागतो. ५०० जीबीच्या डिस्कवर तीन स्नॅपशॉट असतील, तर मूळ डिस्क धरून सर्वांत वाईट परिस्थितीत सुमारे २,००० जीबी लागू शकतात. शिवाय स्नॅपशॉट घेताना मेमरीही जतन करण्याचा पर्याय निवडला असेल, तर दर वेळी मशीनच्या रॅमएवढी आणखी एक फाइल तयार होते. १६ जीबी रॅमच्या मशीनचे असे चार स्नॅपशॉट म्हणजे ६४ जीबी केवळ मेमरीपायी. अपडेटपूर्वीच्या खबरदारीसाठी हा पर्याय बहुधा लागत नाही, तेव्हा त्याची खूण काढून टाकावी.

आता दोन शब्दांविषयी, कारण नवख्यांचे सर्वाधिक नुकसान या शब्दांच्या गैरसमजातून होते. ‘डिलीट’ म्हणजे माहिती पुसणे नव्हे. कच्च्या वहीतील नोंदी खतावणीत उतरवून मग ती वही फाडणे, असा त्याचा अर्थ आहे. मशीन आज जसे आहे तसेच राहते, फक्त मागे परतण्याची सोय जाते. उलट ‘रिव्हर्ट’ म्हणजे नोंदी न उतरवताच कच्ची वही टाकून देणे. स्नॅपशॉटनंतरचे सारे काम, सारी बिले, साऱ्या हजेऱ्या त्यात जातात. ‘डिलीट’ या शब्दाला घाबरून ‘रिव्हर्ट’ दाबणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना दोष देववत नाही. शब्दच तसे निवडले गेले आहेत. डोमेनमधील (कंपनीच्या मध्यवर्ती लॉगिनला जोडलेले) मशीन जुन्या स्नॅपशॉटवर मागे नेले, तर आणखी एक विघ्न उभे राहते. संगणकाच्या खात्याचा पासवर्ड साधारणतः दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. मधल्या काळात तो बदललेला असेल तर डोमेनशी असलेला विश्वासाचा दुवा तुटतो आणि डोमेनच्या खात्याने लॉगिन करता येत नाही.

पहिली पायरी: काही न बदलता पाहणे

मशीनच्या स्नॅपशॉट मॅनेजरमध्ये किती स्नॅपशॉट आहेत आणि ते कधीचे आहेत, हे कागदावर लिहून घ्यावे. त्यानंतर मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक डिस्क कोणत्या फाइलीकडे निर्देश करते ते पाहावे. फाइलीच्या नावात सहा अंकी क्रमांक असेल तर मशीन आजही डेल्टावरच चालले आहे, मग स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा का दिसेना. असे होते, कारण स्नॅपशॉटची यादी व्हीएमएसडी नावाच्या एका छोट्या फाइलीत असते. बॅकअपच्या सॉफ्टवेअरने घेतलेला स्नॅपशॉट काढण्याचे काम अर्धवट राहिले, की यादीतून नाव जाते पण डेल्टा मात्र उरतो. ‘डिस्क कन्सॉलिडेशन आवश्यक आहे’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना मशीनच्या माहितीपानावर दिसत असेल, तर प्रकार हाच समजावा.

डेटास्टोअर ब्राउझरमधून मशीनच्या फोल्डरातील फाइलींचे आकार आणि त्यांत शेवटचा बदल केव्हा झाला ती वेळही नोंदवावी. त्याच वेळी मूळ डिस्क थिक (पूर्ण जागा आधीच राखलेली) आहे की थिन (लागेल तशी वाढणारी), हे पाहून ठेवावे. पुढचे गणित त्यावर अवलंबून आहे.

या पायरीवर एक मोह आवरावा लागतो. यादीत नसलेला, कोणाच्याही खिजगणतीत नसलेला २१० जीबीचा डेल्टा समोर दिसतो, आणि तो डेटास्टोअर ब्राउझरमधूनच पुसून टाकावा असे वाटते. मशीन बंद असेल तर फाइल विनातक्रार पुसलीही जाते. त्या २१० जीबींत मागील काही महिन्यांचा व्यवहार असतो. कच्ची वही रद्दीत घालणे ते हेच.

मशीन आधीच थांबले असेल तर

डेटास्टोअर पूर्ण भरला की ईएसएक्सआय मशीन बंद करत नाही. ते आहे त्या क्षणी थांबवून ‘जागा नाही, पुन्हा प्रयत्न करायचा की रद्द करायचे’ असा प्रश्न विचारते. या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये. आधी थोडी जागा करावी आणि मगच ‘रिट्राय’ निवडावे, म्हणजे मशीन होते तिथून पुढे चालू लागते. ‘कॅन्सल’ निवडले तर मशीन बंद पडते, आणि लेखन अर्धवट राहिलेल्या डेटाबेसची दुरुस्ती नशिबी येते.

थोडी जागा कुठून आणायची? पहिली जागा म्हणजे आयएसओ फाइली. सर्व्हर बसवताना विंडोजची, लिनक्सची सीडी डेटास्टोअरवर चढवलेली असते आणि ती पाच-सहा जीबी अडवून वर्षानुवर्षे पडून राहते. दुसरी जागा फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही: प्रत्येक चालू मशीनमागे व्हीएसडब्ल्यूपी नावाची एक स्वॅप फाइल असते, आणि तिचा आकार त्या मशीनला दिलेल्या मेमरीतून राखीव मेमरी वजा केल्यावर जे उरते त्याएवढा असतो. ज्याच्यावाचून तासभर अडणार नाही असे एखादे मशीन, समजा ८ जीबी मेमरीचे चाचणीसाठीचे मशीन, नीट शटडाउन केले की ती फाइल जाते आणि ८ जीबी तत्काळ मोकळे होतात. तिसरा मार्ग म्हणजे एखादे बंद मशीन दुसऱ्या डेटास्टोअरवर किंवा नॅसवर (नेटवर्कवरील साठवणीच्या यंत्रावर) हलवणे. हलवणे आणि पुसणे यांतील फरक घाईच्या सकाळी विसरला जातो, म्हणून इतकेच सांगतो की ‘हे जुने मशीन कोणाला लागत नाही’ हे वाक्य मालकाच्या तोंडून लेखी आल्याशिवाय खरे मानू नये.

मर्ज: जागेचे गणित आणि वेळेचा अंदाज

खरे काम इथे सुरू होते. कच्च्या वहीतल्या नोंदी खतावणीत उतरवायच्या, म्हणजे मर्ज करायचा, तर खतावणीत कोरी पाने आहेत का, हे आधी पाहावे लागते.

मूळ डिस्क थिक असेल, म्हणजे तिची पूर्ण जागा आरंभीच राखून ठेवलेली असेल, तर मर्ज करताना ती वाढत नाही. डेल्टातील मजकूर तिच्यात सामावतो आणि डेल्टा गेला की त्याची जागा मोकळी होते. डिस्क थिन असेल तर मात्र सावध व्हावे. समजा ४०० जीबीची थिन डिस्क आहे, तिने प्रत्यक्षात १५० जीबी व्यापले आहेत आणि डेल्टा ११० जीबींचा आहे. डेल्टातील सारे लेखन नव्या ठिकाणी झाले असेल, तर मूळ डिस्क १५० वरून २६० जीबींपर्यंत वाढेल, आणि डेल्टा मात्र मर्ज पूर्ण झाल्यावरच पुसला जाईल. म्हणजे डेटास्टोअरवर ११० जीबी मोकळे असतील तरच निर्धास्तपणे पुढे जाता येते. सगळे लेखन नव्या ठिकाणी झालेले क्वचितच असते, पण गणित वाईटातल्या वाईट शक्यतेचे करावे.

एकापेक्षा अधिक स्नॅपशॉट असतील आणि जागा कमी असेल, तर सर्वांत जुना स्नॅपशॉट आधी डिलीट करावा. मूळ डिस्कला लागून असलेला डेल्टा तिच्यात उतरतो आणि त्याची जागा सुटते. मग पुढचा घ्यावा. मधलाच एखादा स्नॅपशॉट डिलीट केला तर तो मूळ डिस्कमध्ये न जाता आधीच्या डेल्टात मिसळतो व तो डेल्टा फुगतो. जागा पुरेशी असेल तर ‘डिलीट ऑल’ सोयीचे. यादी रिकामी असून डेल्टा उरला असेल, तर ‘कन्सॉलिडेट’ हा पर्याय वापरावा. त्यानेही काम झाले नाही, तर एक नवा, मेमरीविना स्नॅपशॉट घेऊन लगेच ‘डिलीट ऑल’ करावे; यादीतून सुटलेले डेल्टेही पुष्कळदा या निमित्ताने उतरवले जातात.

मुहूर्ताविषयी थोडे सविस्तर. मर्ज चालू मशीनवर करता येतो, पण लोक काम करत असताना नव्या नोंदी येतच राहतात आणि काम लांबते, शिवाय शेवटी मशीन काही क्षण थबकते. शक्य असेल तर मशीन शटडाउन करूनच मर्ज करावा. साध्या फिरत्या डिस्कवर काहीशे जीबींचा मर्ज रात्रभर चालू शकतो, म्हणून शनिवारी संध्याकाळ गाठावी, आणि त्या रात्री किंवा रविवारी महावितरणचा देखभालीचा शटडाउन नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. यूपीएसची बॅटरी वीस मिनिटे टिकत असेल तर ती आठ तासांच्या मर्जला पुरणार नाही. पावसाळ्यात मी हे काम शक्यतो लांबणीवर टाकतो.

मर्ज सुरू केल्यावर प्रगतीची पट्टी ९९ टक्क्यांवर जाऊन तासन्‌तास हलत नाही. काही वेळा व्हीसेंटर (ईएसएक्सआयची यंत्रे सांभाळणारे सॉफ्टवेअर) ‘मुदत संपली’ असे म्हणून हात झटकते, पण होस्टवर, म्हणजे ईएसएक्सआयच्या यंत्रावर, काम चालूच असते. अशा वेळी होस्ट रिस्टार्ट करणे ही या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महाग चूक ठरते. त्याऐवजी मशीनच्या फोल्डरातील फाइलींच्या बदलाच्या वेळा पाहाव्यात. मूळ डिस्कच्या फाइलीची वेळ पुढे सरकत असेल तर मर्ज जिवंत आहे. घरी जावे, पण ठाण्याची शेवटची गाडी सुटण्याआधी एकदा पुन्हा पाहून.

मर्ज ‘फाइल लॉक आहे’ असे म्हणून नाकारला गेला, तर संशय प्रथम बॅकअपच्या मशीनवर घ्यावा. बॅकअपची अनेक सॉफ्टवेअर मूळ मशीनची डिस्क तात्पुरती स्वतःच्या मशीनला जोडून घेतात आणि काम मध्येच तुटले तर ती जोडलेलीच राहते. बॅकअप मशीनच्या सेटिंगमध्ये अशी परकी डिस्क दिसली तर ती काढावी, परंतु काढताना ‘डेटास्टोअरवरूनही फाइल पुसा’ हा पर्याय चुकूनही निवडू नये. ती डिस्क बॅकअप मशीनची नाही, तुमच्या टॅलीची आहे.

साखळीविषयीच शंका असेल, उदाहरणार्थ ‘मूळ डिस्कमध्ये नंतर बदल झाला आहे’ अशा अर्थाची त्रुटी पूर्वी कधी दिसली असेल, किंवा जागा अजिबात पुरत नसेल, तर मर्जच्या वाटेला न जाता क्लोन करावा. दुसऱ्या डेटास्टोअरवर किंवा पुरेशा मोठ्या नॅसवर मशीनचा क्लोन घेतला की त्याच्या आजच्या स्थितीची एकसंध डिस्क तयार होते आणि एकही स्नॅपशॉट सोबत येत नाही. क्लोनचे नेटवर्क तोडून तो सुरू करावा, टॅलीतील शेवटचे बिल कोणत्या तारखेचे आहे ते हिशेबनीसांना दाखवून खात्री करून घ्यावी, आणि मगच जुन्या मशीनला हात लावावा. मला विचाराल तर जागा उपलब्ध असताना हाच मार्ग अधिक शहाणपणाचा, कारण यात मूळ फाइलींवर काहीच लिहिले जात नाही.

इतर प्रणालींत काय वेगळे

हायपर-व्हीमध्ये चेकपॉइंट डिलीट केल्यावर मर्ज मागे चालू राहतो व मशीनच्या ‘स्टेटस’ रकान्यात तशी नोंद दिसते. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पर्यंत मशीन बंद केल्यावरच मर्ज होत असे. २०१२ पासून तो चालू मशीनवरही होतो. बॅकअपने मागे सोडलेल्या चेकपॉइंटवर उजवी टिचकी मारली तरी कधी कधी डिलीटचा पर्यायच दिसत नाही. तेव्हा पॉवरशेलमध्ये ‘गेट-व्हीएमस्नॅपशॉट’ या आज्ञेने तो शोधून ‘रिमूव्ह-व्हीएमस्नॅपशॉट’ला द्यावा. एव्हीएचडीएक्स फाइल हाताने पुसू नये, हे वेगळे सांगायला नको. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून डेस्कटॉप विंडोजमधील हायपर-व्हीत नव्या मशिनांसाठी स्वयंचलित चेकपॉइंट आरंभापासूनच चालू असतात. सराव करणाऱ्यांनी ते सेटिंग पाहून ठेवावे.

व्हर्च्युअलबॉक्स शिकण्यासाठी उत्तम, पण तिथे स्नॅपशॉटचे झाड लवकर फोफावते. मशीन पूर्ण बंद करून, होस्टवर पुरेशी जागा ठेवून, एकेक स्नॅपशॉट काढावा. केव्हीएमवर (लिनक्सची व्हर्च्युअल मशिनांची प्रणाली) क्यूकाऊ-२ प्रकारच्या डिस्कच्या पोटातले स्नॅपशॉट काढले तरी फाइल लहान होत नाही, आतली जागा फक्त पुन्हा वापरण्याजोगी होते. बाहेरच्या फाइलीत घेतलेल्या स्नॅपशॉटसाठी ‘ब्लॉककमिट’ ही आज्ञा वापरावी लागते. केव्हीएमवरच आधारलेल्या प्रॉक्समॉक्समध्ये एलव्हीएम-थिन प्रकारची साठवण वापरत असाल तर माहितीची जागा आणि मेटाडेटाची जागा अशा दोन्ही टक्केवाऱ्या पाहाव्यात, कारण दुसरी भरली तरी सारेच अडते.

शेवटची पायरी: आतली मोकळी जागा बाहेर आणणे

मर्ज झाला, स्नॅपशॉट गेले, तरी थिन डिस्क मोठीच दिसते. कारण साधे आहे: गेस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, आत फाइल पुसली गेली की आतल्या प्रणालीला ती जागा मोकळी वाटते, पण होस्टला त्याची खबर नसते. ती खबर पोहोचवणे म्हणजे जागा परत मिळवणे.

इथे माझी स्वतःची चूक सांगितलेली बरी. तुर्भ्याच्या एमआयडीसीतील एका कारखान्यात, या कामात नवा असताना, डेटास्टोअरवर थोडीच जागा उरली होती. मोकळ्या जागेत शून्ये लिहिली की डिस्क आक्रसता येते, एवढे मी कुठेतरी वाचले होते, म्हणून विंडोजच्या आत एसडिलीट ही आज्ञा ‘झेड’ पर्यायासह सुरू केली. स्नॅपशॉट आहे की नाही, ते पाहिले नव्हते. होता. शून्य हेही लेखनच, त्यामुळे प्रत्येक शून्य डेल्टात जाऊ लागले आणि अर्ध्या तासाच्या आत डेटास्टोअर काठोकाठ भरून तिथली तिन्ही मशिने थांबली. जागा मोकळी करायला गेलो आणि होती तीही घालवून बसलो. स्नॅपशॉट नसता तरी थिन डिस्क शून्यांनी आधी पूर्ण आकारापर्यंत फुगलीच असती, आक्रसणे नंतरचे. तेव्हा शून्ये लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: एकही स्नॅपशॉट नाही, आणि डिस्कच्या पूर्ण आकाराला पुरेल इतकी जागा डेटास्टोअरवर आहे.

बहुतेक वेळा शून्यांची गरजच पडत नाही. आधी गेस्टच्या आतला केर काढावा. विंडोजमध्ये ‘विनएसएक्सएस’ फोल्डर हाताने पुसू नये. त्यासाठी डीआयएसएम आज्ञेचा ‘स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप’ हा पर्याय आहे. हजेरीच्या सॉफ्टवेअरमागे एसक्यूएल सर्व्हर असेल तर त्याची लॉग फाइल पाहावी: डेटाबेस ‘फुल’ रिकव्हरी प्रकारात असून लॉगचा बॅकअप कधीच घेतला जात नसेल, तर ती फाइल वाढतच राहते, आणि डिस्क भरण्याचे खरे कारण स्नॅपशॉट नसून तीच निघते. लिनक्समध्ये जर्नलचे जुने लॉग आणि डॉकरच्या वापरात नसलेल्या प्रतिमा हे नेहमीचे आरोपी. फाइल पुसूनही जागा वाढत नसेल तर एखादी सेवा ती फाइल अजून उघडी धरून बसलेली असते. ती सेवा रिस्टार्ट केली की जागा सुटते.

केर काढल्यावर ट्रिम, म्हणजे मोकळ्या जागेची होस्टला खबर, द्यावे. लिनक्समध्ये ‘एफएसट्रिम’ आज्ञा सर्व विभागांवर चालवावी. विंडोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ हे साधन थिन डिस्क ओळखून हेच काम करते. व्हीएमएफएस-६ डेटास्टोअर आणि पुरेशी नवी व्हर्च्युअल हार्डवेअर आवृत्ती असेल तर थिन डिस्क यानंतर लहान होते. प्रॉक्समॉक्समध्ये त्यासाठी डिस्कच्या सेटिंगमध्ये ‘डिस्कार्ड’ची खूण आधी करून ठेवावी लागते. या वाटेने जायचे तर विंडोजमधील जुने डीफ्रॅग मात्र टाळावे, कारण ते मजकूर इकडचा तिकडे करून थिन डिस्क उलट वाढवते.

ट्रिम पोहोचतच नसेल, तरच शून्यांचा मार्ग घ्यावा. शून्ये लिहून झाल्यावर मशीन बंद करून ईएसएक्सआयमध्ये ‘व्हीएमकेएफएसटूल्स’ आज्ञा मोठ्या ‘के’ पर्यायासह चालवावी. हायपर-व्हीत ‘ऑप्टिमाइझ-व्हीएचडी’ आज्ञा ‘फुल’ प्रकारात आहे, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘व्हीबॉक्समॅनेज’ची ‘कॉम्पॅक्ट’ ही सोय आहे. केव्हीएमवर ‘क्यूईएमयू-आयएमजी’च्या ‘कन्व्हर्ट’ने नवी फाइल तयार करणे मला अधिक भरवशाचे वाटते, कारण नवी फाइल तपासून होईपर्यंत जुनी शाबूत राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी

डेटास्टोअरवरील मोकळी जागा कामाआधी किती होती आणि आता किती आहे, हे सर्व्हरच्या वहीत तारखेसह लिहावे. व्हीसेंटर असेल तर डेटास्टोअर ७५ टक्के भरल्यावर इशारा व ८५ टक्क्यांवर धोक्याची सूचना देणारा अलार्म मुळातच त्यात असतो. तो ईमेल पाठवतो का आणि कोणाला, एवढेच पाहावे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जाणारे असे इशारे मला एकाहून अधिक ठिकाणी सापडले आहेत. व्हीएमवेअरची शिफारस एक स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवू नये आणि साखळीत दोन-तीनांपेक्षा अधिक नसावेत, अशी आहे. म्हणून स्नॅपशॉटला नाव देतानाच घेणाऱ्याचे नाव, कारण आणि काढण्याची तारीख त्यात घालावी. ‘न्यू स्नॅपशॉट १’ या नावाचा स्नॅपशॉट काढायची हिंमत सहसा कोणी करत नाही.

त्यानंतर रात्रीचा बॅकअप एकदा होऊ द्यावा आणि तो संपल्यावर मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्कच्या फाइलीचे नाव पुन्हा पाहावे. सहा अंकी क्रमांक परत आलेला असेल, तर स्नॅपशॉट मागे सोडणारे बॅकअपचे काम अजून दुरुस्त व्हायचे आहे, आणि पुढची तपासणी त्याच्या लॉगपासून सुरू करावी.